शेटने काय खाल्लं?

शेट उठायला गेला आणि त्याचं पुढचं अर्धंच अंग उठलं. मागचं अर्धं फरशीवरच राहिलं.

मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. मला वाटलं, आळोखेपिळोखे देतोय. मग त्याने पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत पडवीचा उंबरा गाठला आणि माझ्याकडे असं बघितलं, की हातातला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून मी ओरडले, "आई, लवकर या! शेट बसतोय!"

"मग बसू दे की," आतून आवाज आला.

"तसा नाही हो. उभं राहता राहता बसतोय!"

सासूबाई नारळ खवत होत्या. तशाच खोबऱ्याच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी शेटला बघितलं, पोटाखाली हात घालून उचललं, उभं केलं. हात काढल्याबरोबर तो पुन्हा बसला. अंग थरथरत होतं, नाक गरम होतं. समोर झोपाळ्यावर सासरे पेपर वाचत होते, ते अर्धवट उठले. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं, मिटलं आणि खाली वाकून कुत्र्याला म्हणाल्या, "शेट, त्यांना सांग, ताबडतोब रिक्षा आणा."

शेट नुसता बघत राहिला. त्या घरात निरोप पोचला नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

इथे मला थोडं मागे जायला हवं. मी बार्शीची. लग्न होऊन वेंगुर्ल्याला आजगावकरांच्या घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी उदयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला बाजूला घेऊन सांगितलं, "वैजू, आमच्या घरात एक पद्धत आहे. आई आणि दादा, म्हणजे माझे आईवडील, एकमेकांशी बोलत नाहीत. घाबरू नकोस. शेटमार्फत सगळं व्यवस्थित चालतं."

"शेट कोण?"

"तो काय."

कोपऱ्यात एक पांढरा, गोल, उशीएवढा कुत्रा पोट वर करून झोपला होता. पॉमेरेनियन आणि आणखी काहीतरी. त्याची बसण्याची ऐट पेढीवरच्या शेटजीसारखी, म्हणून नाव शेट.

"पण बोलत का नाहीत?"

"झालं होतं काहीतरी. आता सवय झालीय," असं म्हणून उदय आंघोळीला निघून गेला. आजगावकरांच्या घरात अवघड प्रश्न आला की पुरुष आंघोळीला जातात, हे मला पुढे कळलं.

पद्धत मात्र खरंच व्यवस्थित होती. "शेट, त्यांना म्हणावं, पाणी तापलंय." शेट तुरुतुरु झोपाळ्यापाशी जाई. "शेट, तिला सांग, आज बांगडा फार महाग होता, मोरी मासा आणलाय." शेट तुरुतुरु स्वयंपाकघरात. दोघांनाही पहिल्याच वेळी ऐकू गेलेलं असायचं, पण शेट येऊन उभा राहीपर्यंत उत्तर द्यायचं नाही, असा नियम. भांडणंसुद्धा अशीच व्हायची. तेव्हा शेटची फार धावपळ होई आणि रात्री तो लवकर झोपे.

मला कुत्र्यांची आवड नव्हती. भीतीही नव्हती. आमचं आपलं शेजाऱ्यासारखं होतं. पण त्या घरात त्याला काय मान आहे, हे मी ओळखून होते. तो गेला असता, तर त्या दोघांमधला तेवढा धागासुद्धा तुटला असता.

त्या सकाळी उदय कुडाळला बँकेत गेला होता. दादा झोपाळ्यापाशी उभे राहून शेटकडे बघत म्हणाले, "शेट, तिला विचार, काय झालं?" आणि मग आपण कोणाला विचारतोय ते ध्यानात येऊन गप्प झाले.

"दादा, रिक्षा आणा," मी म्हणाले. "आई, तुम्ही साडी बदलू नका, आहात तशाच चला."

रिक्षात सासूबाई एका टोकाला, दादा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये मी, मांडीवर शेट. रिक्षा सुरू होताच सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "वैजू, त्यांना विचार, आज किती काजू दिले?"

दादा म्हणाले, "वैजू, तिला सांग, आज एकही नाही. काल दोन. नेहमीचेच."

"त्यांना म्हणावं, नेहमीचेच म्हणूनच नेहमी सांगत होते, कुत्र्याच्या पोटाला काजू सोसत नाहीत."

"तिला म्हणावं, इतकी वर्षं सोसले ते आजच का सोसू नयेत?"

रिक्षावाला बाबल. त्याने आरशात बघितलं. "काकी, ह्या सगळा माका सांगतास की काकांका?"

"तू पुढे बघ," दोघं एकदम म्हणाले.

काजू हा त्या घरातला जुना वाद होता. दादांची सगळी नोकरी काजूच्या कारखान्यात, माल निवडण्याच्या विभागात गेलेली. काजूगर नुसता चिमटीत धरून ते त्याची जात सांगायचे. निवृत्त झाल्यावरही लोक नमुने घेऊन त्यांच्याकडे येत. शेटला ते रोज दोन काजू द्यायचे, तेही अख्खे, पांढरे, भरलेले. एकदा मी चुकून पाकळी, म्हणजे फुटून अर्धा झालेला काजू, दिली तर शेटने ती हुंगून सोडून दिली. दादांना त्या दिवशी जो आनंद झाला, तो मी माझ्या लग्नात त्यांच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता.

म्हणूनच ब्रिस्बेनहून डबा आला तेव्हा त्यांना राग आला होता. ब्रिस्बेनला माझे थोरले दीर, हेमंतभाऊजी. त्यांच्या मित्राने गोव्याला येताना आणून दिलेला तो पत्र्याचा सुरेख डबा. त्यावर गोल, पिवळसर, सुपारीपेक्षा मोठ्या बियांचं चित्र. दादांनी चष्मा लावून चित्र बघितलं. "वेंगुर्ल्याच्या माणसाला हे पाठवतो? ही बी आहे की गोटी?" सासूबाईंनी डब्याकडे बघितलंही नाही. हेमंतभाऊजींचं नाव निघालं, की त्यांना स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं. त्या जाता जाता म्हणाल्या, "शेट, सांग त्यांना, ज्याला हवं त्यानं खावं. मला नको." आणि डबा कपाटावर गेला.

डॉक्टर लोबोंचा दवाखाना बाजाराच्या मागे होता. बाहेर एक म्हैस बांधलेली, आत एक मोठं पत्र्याचं टेबल. त्या टेबलावर शेट ठेवला तेव्हा तो फारच लहान दिसला. डॉक्टर तरुण होत्या, हातावर कोपरापर्यंत मोजे होते, ते काढत म्हणाल्या, "पोटात काय गेलंय, तेवढं आधी सांगा."

"काजू," सासूबाई म्हणाल्या.

"किती?"

"वैजू, त्यांना विचार, किती."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "हे तुमचे सासरे ना? समोर तर उभे आहेत."

"हो. पण ते मला सांगतील. मग मी तुम्हाला सांगते."

"दोन," दादा स्वतःच म्हणाले. "रोज दोन. खारवलेले नाहीत, तळलेले नाहीत. एक नंबर माल."

डॉक्टरांनी शेटच्या पोटावर बोटं दाबत सांगितलं, "एखादा काजू, एखादा शेंगदाणा कधीमधी चालतो. मीठ नको, मसाला नको. पण एवढ्याशा कुत्र्याला रोजचं तेल झेपत नाही. स्वादुपिंड सुजतं, उलट्या होतात. याचं वजन बघा जरा. हा कुत्रा आहे की तक्क्या?"

सासूबाईंनी छताकडे बघितलं. जिंकलेल्या माणसाने बघावं, तसं.

"पण त्याने मागचे पाय जात नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी काय?"

सासूबाईंची नजर छतावरून उतरली आणि माझ्यावर आली. "वैजू, तुझी ती बार्शीची चटणी?"

आईने पाठवलेली शेंगाचटणी, तिखट, लसूण घालून खलबत्त्यात कुटलेली. डॉक्टर एकदम गंभीर झाल्या. "लसूण? लसूण-कांदा कुत्र्याला अजिबात चालत नाही."

"मी नाही दिली हो! शपथ! मी त्याला पाण्याशिवाय काही देत नाही!"

"मग बरणी अर्धी कशी झाली?"

"मी खाल्ली! मला इथलं जेवण... म्हणजे चांगलंच असतं, पण कधीकधी..."

"बरं, घरात आणखी कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, माझे मिस्टर. त्यांनी टेबलावरचा फोन पुढे ओढला, एक बटण दाबून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि मी दिलेला बँकेचा नंबर फिरवला.

"उदय," मी म्हणाले, "शेटचे पाय गेलेत. तू त्याला काही खायला दिलंस का? खरं सांग."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग उदय अगदी हळू म्हणाला, "आईला सांगू नकोस. खारे शेंगदाणे देतो. थोडेच."

"कधी?"

"संध्याकाळी. मागे विहिरीपाशी."

दादा फोनवर वाकले. "उदय, संध्याकाळी विहिरीपाशी तू खारे शेंगदाणे कशाबरोबर खातोस?"

"दादा? दादा तिथे आहेत?" आणि फोन बंद झाला. नंतर कळलं, त्याने ग्राहक आल्याचं कारण सांगितलं. बँकेत आंघोळीची सोय नसावी.

दादा डॉक्टरांना म्हणाले, "बिअर." डॉक्टर म्हणाल्या, "बिअर कुत्र्याने प्यायली?" दादा म्हणाले, "नाही, मुलाने." डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. एप्रिलचा उकाडा होता आणि बाहेर म्हैस सारखी हंबरत होती.

"आणखी काही?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "बदाम. एकच. रोज रात्री भिजत घालते आणि सकाळी सोलून देते."

दादा आणि मी दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं काजूच्या नावाने खडे फोडणारी ही बाई!

"बदाम कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

"बुद्धीसाठी."

"कुत्र्याच्या?"

"त्याला आमच्याकडे पुष्कळ बोलणं लक्षात ठेवावं लागतं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, "अख्खा बदाम घशात अडकू शकतो. अक्रोड खवट निघाला, बुरशी लागलेला असला, तर झटके येतात. पण हे त्यातलं दिसत नाही. अंगात ताप आहे, थरथर आहे आणि पाय मागचेच गेलेत." मग एकदम दादांकडे वळल्या. "तुमच्याकडे काजूचं काम चालतं ना? कच्ची बी घरात असते? सालीसकट?"

दादांचा चेहरा उतरला. "परवा एकजण नमुना घेऊन आला होता. फोडून बघितल्या मी. पडवीत."

"टरफलं?"

"उचलली. सगळी उचलली... बहुतेक."

"त्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, तुम्हाला मी काय सांगायचं! ते पोटात गेलं असलं, तर औषध वेगळं. आणि बाहेर कुठे उंदराचं औषध खाल्लं असलं, तर तेही वेगळं. मला नक्की कळलं पाहिजे. चुकीची सुई देऊन चालणार नाही. नाहीतर तुम्ही याला पणजीला घेऊन जा, पण एवढा प्रवास तो सोसेल का, मी सांगू शकत नाही."

दादा मागे सरकून बाकावर बसले. उंच, ताठ माणूस. कारखान्यात त्यांच्या एका नजरेने बायका बोलायच्या थांबत, असं मी ऐकलं होतं. त्यांनी आपले दोन्ही तळवे उघडून बघितले. जुन्या काळ्या डागांचे, काजूच्या तेलाने वर्षानुवर्षं करपलेले तळवे.

"माझ्याच हातून झालं," ते म्हणाले. "सगळं माझ्याच हातून होतं."

आणि ते रडायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मी कुठे बघावं, मला कळेना. शेटने टेबलावरून मान उचलली, त्यांच्याकडे जायचा प्रयत्न केला आणि पुढचे पाय पत्र्यावर घसरले.

सासूबाई शेटकडे बघत होत्या. मग दादांकडे बघितलं. मग परत शेटकडे. मला वाटलं, आता मला म्हणतील, वैजू, त्यांना सांग. मी तयारही झाले.

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

दादांनी मान वर केली नाही. ती हाक आपल्याला असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून.

"अहो, तुम्हालाच म्हणते. तुमच्या काजूनं नाही झालं. टरफलंही मी सगळी झाडून टाकली होती. माझ्यामुळं झालं."

"बदामानं?"

"बदामानं नाही. तो डबा. कपाटावरचा."

"हेमंतचा?" दादा हळूच उठले. "तू तो डबा उघडलास?"

"आला त्याच आठवड्यात उघडला. दुपारी तुम्ही सगळे झोपलात, की मी एक बी खाते आणि तो एक खातो." त्यांनी शेटकडे बोट केलं. "एकटीनं कसं खायचं? काल मात्र जास्त झाल्या. काल बसले होते डबा घेऊन. मी एक, तो एक, मी एक, तो एक. किती ते कळलंच नाही."

"काल," दादा म्हणाले, आणि थांबले.

"काल," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "कसला डबा?"

माझं इंग्रजी बेतास बात, पण डब्यावरचं नाव मी कपाटाची धूळ पुसताना दहा वेळा वाचलं होतं. "मॅकाडेमिया," मी म्हणाले.

डॉक्टरांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून पानं उलटली, समाधान झालं नाही म्हणून मुंबईला आपल्या सरांना फोन लावला आणि बराच वेळ "येस सर, येस सर" करत राहिल्या. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "आपल्याकडे हे फळ कोण आणतं, म्हणून पटकन डोक्यात आलं नाही. माणसाला मेवा, पण कुत्र्याला विष. का, ते अजून कोणाला नीट कळलेलं नाही. मागचे पाय जातात, ताप येतो, अंग थरथरतं. सगळं जुळतंय. पण जीव जात नाही सहसा. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उभी राहतात."

"बहुतेक?" सासूबाई आणि दादांनी एकाच वेळी विचारलं.

"बहुतेक म्हणजे जवळजवळ सगळी. त्यावर चॉकलेट असतं तर गोष्ट वेगळी होती. सलाईन लावते, ताप उतरायचं देते. संध्याकाळपर्यंत इथे राहू दे."

शेटच्या पायाला सुई टोचली तेव्हा तो कुईं करून ओरडला. ते ऐकून मला बरं वाटलं. ओरडायला ताकद होती.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. यावेळी कडेला मी होते. दोघांच्या मध्ये आता कोणीच नव्हतं आणि त्यामुळे दोघंही अवघडली होती. समोर म्हैस रवंथ करत होती. दादांनी घसा साफ केला.

"कसा लागतो?"

"काय?"

"तो. त्या डब्यातला."

सासूबाईंनी विचार केला. "ओल्या खोबऱ्यासारखा. आधी तूप लावल्यासारखा लागतो, मग काहीच लागत नाही."

"आपल्या काजूसारखा नाही?"

"छे हो! काजूची सर कुठली त्याला?"

दादा बाकावर जरा ताठ बसले. मला आत काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. पण सासूबाई थांबल्या नव्हत्या.

"काल हेमंतचा वाढदिवस होता," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. मी पोस्टापाशी जाऊन फोन केला होता."

"मला सांगितलं नाहीत."

"कुणाकरवी सांगायचं? असं शेटकरवी सांगायचं?"

"मुंबईला मुलाखत आहे, म्हणालात तुम्ही." सासूबाईंचा आवाज आता चढायला लागला. "दोघं मिळून म्हणालात. मी त्याला पोळ्या बांधून दिल्या. दोन वेळच्या! ब्रिस्बेनला जाणाऱ्या मुलाला दोन वेळच्या पोळ्या आणि लसणीची चटणी! माझं पोर समुद्रापलीकडे गेलं आणि मी त्याला वेशीवरून हात हलवला. परवा ये म्हणून!"

तर हे होतं ते 'काहीतरी'. उदय आंघोळीला गेला होता, ते यासाठी.

"तू जाऊ दिलं नसतंस," दादा म्हणाले.

"नसतंच दिलं! चार दिवस रडले असते, जेवले नसते, त्याच्या बॅगेवर बसून राहिले असते. आणि मग दिलं असतं. पण ते सगळं मला करायचं होतं. तुम्ही ते करूच दिलं नाहीत."

दादा खाली बघून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"चुकलं म्हटलं."

"मोठ्यानं बोला. ती म्हैस हंबरतेय."

"चुकलं माझं!" दादा इतक्या मोठ्याने म्हणाले, की म्हशीचा मालक विडी टाकून उभा राहिला आणि आतून डॉक्टरांनी डोकावून बघितलं. दादांनी त्या दोघांना हाताने सांगितलं, तुम्हाला नाही. मग हलक्या आवाजात म्हणाले, "त्याला सोडून आलो तेव्हापासून हेच म्हणायचं होतं. पण तू कुत्र्याशी बोलायला लागलीस. कुत्र्याला कसं सांगू, चुकलं म्हणून?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडताहेत की हसताहेत, ते मला बाजूने दिसत नव्हतं. मी उठले आणि म्हशीला जरा जवळून बघायला गेले. त्या वयातही मला तेवढी अक्कल होती.

संध्याकाळी शेट घरी आला. तापाची थरथर गेली होती, पण पाय अजून ओढत होता. पुढचा सगळा दिवस तो पडवीत गोणपाटावर पडून होता, आणि त्याच्या आजूबाजूला जे काही चाललं होतं ते अचंब्याने बघत होता. कारण आजगावकरांच्या घरात आता बोलणं सुरू झालं होतं. बोलणं म्हणजे भांडण. मोरी का आणली, झोपाळ्याच्या कड्या का करकरतात, सासूबाईंच्या भावाच्या लग्नात दादा तोंड का पाडून बसले होते, सगळं तुंबलेलं पाणी धो धो वाहायला लागलं. उदय कुडाळहून मान खाली घालून आला होता, पण त्याच्या बिअरचा कोणी विषयसुद्धा काढला नाही. तो जरा नाराजच झाल्यासारखा वाटला. रात्री मला म्हणाला, "आधीची पद्धत बरी होती नाही?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेले तर शेट चार पायांवर उभा होता. डुलत होता, पण उभा होता. मी ओरडले. सगळे धावत आले. तो थोडा चालला, थोडा थबकला आणि सोनचाफ्याच्या बुंध्यापाशी जाऊन त्याने मागचा एक पाय वर केला. तीन पायांवर तोल सांभाळून! दादांनी टाळ्या वाजवल्या. मी आणि उदयनेही वाजवल्या. कुत्र्याच्या त्या कामाला एवढी दाद वेंगुर्ल्यात कधी कोणाला मिळाली नसेल.

सासूबाई मात्र टाळ्या न वाजवता आत गेल्या, हात धुऊन बाहेर आल्या आणि दादांना म्हणाल्या, "फोन लावा."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? ज्यानं हा उपद्व्याप पाठवला त्याला."

दादांनी फोन लावला. नंबर त्यांना पाठ होता. पलीकडे उचलल्याबरोबर सासूबाईंनी रिसीव्हर ओढून घेतला आणि जे सुरू झाल्या, त्याला तोड नाही. "हेमंत, तुला काही कळतं का? असलं विषारी बियाणं घरात पाठवतोस? कुत्रा मरता मरता वाचला आमचा! विचारून पाठवावं माणसानं! काय? मोठ्यानं बोल. हो, मी आईच बोलतेय. नाही, कुणी गेलेलं नाही, रडू नकोस. म्हटलं ना, वाचला. ...कुत्र्यासाठी नव्हतं पाठवलं म्हणजे? मग कुणासाठी होतं?"

तिथे त्या थांबल्या. पलीकडून तो काय म्हणाला, ते आम्हाला ऐकू आलं नाही. सासूबाई बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला. मग त्यांनी जे विचारायला सुरुवात केली ती थांबेना. भात मिळतो का, मासे ताजे असतात का, थंडी कधी पडते, अंथरूण उबदार आहे का. दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, पण एक अक्षर बोलले नाहीत.

फोन ठेवून सासूबाई वळल्या. डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर राग होता. खराखुरा, ताजा राग.

"त्याला टक्कल पडतंय म्हणे."

"हो," दादा म्हणाले. "गेल्या वर्षीपासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो सांगतो ना फोनवर."

"आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते?"

"ते झालं. बरं आहे आता."

"आणि तिथे त्यानं परसात शेवगा लावलाय?"

"लावलाय. पहिल्या शेंगा आल्या तेव्हा फोन केला होता त्यानं."

सासूबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मला अजून काय काय माहीत नाही?"

मी उदयकडे बघितलं. आता नवं भांडण, असं आम्हा दोघांनाही वाटलं. उदयची नजर तर न्हाणीघराकडे गेलीही. पण दादांनी झोपाळ्यावरचा पेपर उचलून बाजूला ठेवला. स्वतः एका कडेला सरकले आणि मोकळी झालेली जागा हाताने पुसली.

"बस इथं," ते म्हणाले. "वेळ लागेल."

आणि सासूबाई बसल्या.